बाईंसाठी काढून ठेवलेलं

मंगळवारी सकाळी साडेसातला बाई बाजाराच्या मागच्या फाटकातून आत शिरल्या की पहिल्या गाळ्यापासून बाराव्या गाळ्यापर्यंत बातमी त्यांच्याआधी पोचायची. हातात निळी थंड पेटी, खांद्याला पिशवी, पिशवीत निर्जंतुक पाकिटं, चिठ्ठ्या, एक पेन आणि आणखी एक पेन. पहिलं पेन ऐन वेळी दगा देतं, हा एकोणीस वर्षांचा अनुभव. त्यांचं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. पाठीमागे सगळे त्यांना नमुन्याच्या बाई म्हणायचे आणि तोंडावर ताई.

काम ऐकायला सोपं होतं. बारा गाळ्यांतून कच्च्या कोंबडीचे बारा नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्यावरचे जंतू वाढवायचे, आणि त्या जंतूंना औषधं मारतात की नाही ते बघायचं. कच्च्या मांसावर जंतू असणारच, त्यात नवल नाही. घोर होता तो निर्ढावलेल्या जंतूंचा. फार्मवर कोंबड्या आजारी नसल्या तरी त्यांना खाद्यातून औषधाची पावडर चारतात. त्या पावडरीत राहून राहून जंतू असे निगरगट्ट होतात की पुढे माणसाच्या अंगात शिरले तर डॉक्टरांच्या औषधांना भीक घालत नाहीत. कोंबडी शिजली की तेही मरतात, हे खरं. पण कापणारे हात, सुरी, फळी आणि नळाची तोटी कोण शिजवतो?

बाईंच्या नोंदी मात्र सांगत होत्या की या बाजाराची काळजी नको. वर्षाला सहाशेच्या वर नमुने आणि त्यांत असे हट्टी जंतू सापडायचे तीस-पस्तीस. तेही बहुतेक आठव्या गाळ्यात. आठव्या गाळ्याच्या पोराला त्यांनी तीनदा नोटीस दिली होती आणि एकदा भर बाजारात झापलंही होतं. बाकीच्या अकरा गाळ्यांचं त्यांना कौतुक वाटायचं. ते कौतुक थोडं स्वतःचंही होतं. आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो म्हणून बाजार सरळ चालतो, असं त्या मनाशी धरून होत्या, आणि हे एक समाधान सोडलं तर त्यांच्याकडे आता थकव्याशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. वय सत्तावन्न. टाच दुखायची, गुडघा कुरकुरायचा, आणि निवृत्तीला चार महिने होते.

त्याच सुमारास मुख्य कचेरीतून पत्र आलं. इतकी वर्षं फारसं काही सापडत नसेल तर या बाजारात दर आठवड्याला नमुने कशाला घ्यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. वर्षअखेर हे काम बंद करावं, यंत्रं दुसरीकडे हलवावीत, बाईंनी तेवढा शेवटचा अहवाल पाठवावा. साहेबांनी पत्र बाईंपुढे ठेवलं. साहेब त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान होते, स्वभावाने वाईट नव्हते, फक्त त्यांना कुठल्याही कागदाचा कंटाळा यायचा.

"तुम्ही इतकं चांगलं काम केलंत बाई, की कामच संपलं," साहेब म्हणाले.

बाई हसल्या. घरी जाताना त्यांना ते वाक्य दोन-तीनदा आठवलं आणि बरंही वाटलं.

घरी नवरा असायचा. तो पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं. माणूस उंच, पाठीत वाकलेला, बोलायला लागला की समोरच्याच्या नाकी नऊ आणणारा. रविवारी कोंबडी आणायला तोच जायचा आणि साफ करून शिजवायचाही तोच. गेल्या हिवाळ्यात त्याला ताप भरला. लघवीच्या जागी जंतूंनी घर केलंय, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या औषधाने ताप हलला नाही. दुसऱ्यानेही नाही. तिसरं औषध देताना डॉक्टरांनी तपासणीचा कागद बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो वाचला: जंतू बहुतेक औषधांना दाद देत नव्हते. असे कागद त्यांनी आयुष्यभर लिहिले होते, पण ते कोंबड्यांचे होते.

डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "घरी कच्चं मांस कोण हाताळतं?"

"हेच हाताळतात. पण आमच्या बाजारात तसं काही नाही डॉक्टर. मी स्वतः तपासते," बाई म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांनी मान हलवून विषय सोडला. तेवीस दिवस गेले. शेवटी दिवसातून तीनदा शिरेतून द्यायचं एक औषध लागू पडलं आणि नवरा घरी आला, पण अर्धाच आला असं म्हणायला हवं. पूर्वी जिना चढता चढता गप्पा मारायचा, आता मधल्या वळणावर कठडा धरून उभा राहायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणायचा, "जरा हवा खातोय."

तर अहवाल लिहायला घ्यायचा आणि बाईंच्या टाचेने असहकार पुकारायचा, असं एकाच आठवड्यात झालं. पाऊल जमिनीला टेकवेना. हाडांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस चालायचं नाही म्हणून बजावलं. बाईंनी मधला मार्ग काढला. ऑफिसात रिक्षाने जायचं, खुर्चीत बसून काम करायचं, आणि बाजारात ड्रायव्हरला पाठवायचं. ड्रायव्हर नुकताच बदलून आला होता. बाईंनी त्याला पेटी कशी धरायची, पाकीट कसं उघडायचं, कशाला हात लावायचा नाही, हे अर्धा तास शिकवलं. तो सगळ्याला "हो मॅडम" म्हणत राहिला.

परत आला तो वैतागूनच.

"मॅडम, तुम्ही हे दर आठवड्याला करता? मला एकाने विचारलं नाही. रांगेत उभा राहिलो, धक्के खाल्ले, जे हातात पडलं ते घेतलं."

"तू ऑफिसातून आलायस हे सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठं सांगायला सांगितलंत?"

ते खरं होतं. बाईंना स्वतःला कधी सांगावं लागलं नव्हतं.

तीन दिवसांनी प्लेटा वाचायला तयार झाल्या. ही चपटी झाकणाची भांडी असतात. त्यांत जंतू पसरून वर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल उमटतो. बाईंनी पहिली प्लेट उचलली. गोल नव्हता. जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत वाढले होते. दुसरी उचलली, तिसरी उचलली, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिली उचलली. बारांपैकी आठ नमुन्यांत हाच प्रकार होता.

पहिला संशय अर्थातच ड्रायव्हरवर. पेटीतलं तापमान बघितलं, ते बरोबर होतं. पाकिटं बघितली, ती नीट बंद होती. पुढच्या मंगळवारी त्यांनी त्यालाच पुन्हा पाठवलं. या वेळी नऊ निघाले. आठव्या गाळ्याचा नमुना दोन्ही वेळा हट्टी निघाला होता, पण आता त्याला शेजार मिळाला होता.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि कपाळ चोळलं.

"ड्रायव्हरने पेटी उन्हात ठेवली, असं लिहा ना बाई. दोन आठवडे रद्द. अहवाल एकोणीस वर्षांवर जाऊ दे."

"उन्हात जंतू वाढतात साहेब. शिकत नाहीत. औषध पचवायचं ते आधीच शिकून आलेले आहेत."

"मग एकोणीस वर्षं हे जंतू कुठे होते?"

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढले. साहेब म्हणाले, "चार महिन्यांवर निवृत्ती आली आहे तुमची. कशाला अंगावर ओढवून घेता? सोमवारपर्यंत सही करा."

बाईंना खरोखर सही करावीशी वाटली. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. सही केली की काम बंद, बाजार स्वच्छ, निरोपाला चार चांगले शब्द. आणि त्यानंतर त्या बाजारात कुणीही, कधीही बघायला जाणार नव्हतं.

शुक्रवारी दुपारी त्या काठी टेकत बाजारात गेल्या. दुपारी गिऱ्हाईक नसतं. कोपऱ्यावरच्या पहिल्या गाळ्यात कोंबडीवाले काका फरशीवर पाणी मारत होते. बाईंना बघून त्यांनी लगबगीने स्टूल पुसलं.

"ताई! अहो, पायाला काय झालं? दोन मंगळवार तुम्ही नाहीत, सगळा बाजार विचारतोय."

"काका, एक विचारते. मला नमुना देता तो कुठून देता?"

काकांचा चेहरा पडला. "का? खराब निघाला?"

"कधीच खराब निघाला नाही. म्हणून तर विचारते."

ते ऐकून काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फ्रिज उघडून वरचा कप्पा दाखवला. एका स्वच्छ डब्यात मांसाचे तुकडे नीट रचून ठेवलेले होते.

"हे घरचं. सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही आमच्या घरापुरतं कापून घेतो. कापायच्या ठोकळ्यावर उकळतं पाणी ओततो, सुरी वेगळी, हात साबणाने धुतलेले. आणि कोंबडी फार्मची नाही हं ताई. घरामागं आमच्या पंचवीस-तीस आहेत, त्यांना पावडर नाही, काही नाही. नातवंडं खातात ना. त्यातलंच तुम्हाला."

"पहिल्यापासून?"

"पहिल्याच वर्षापासून. आमची ही इथं घसरून पडली होती, कंबर मोडली, तुम्ही ऑफिसच्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलंत. विसरलात? त्या दिवसापासून मी म्हटलं, या बाईला गिऱ्हाइकाचं द्यायचं नाही. घरचं द्यायचं. मग बाकीचेही आपापल्या घरच्या कोंबड्यांतलं द्यायला लागले. आता रीतच आहे ती बाजाराची."

"सगळेच देतात?"

"सगळे. तो आठव्यावरचा तेवढा आळशी आहे. पुढ्यात असेल ते उचलून देतो. मी किती वेळा सांगितलं त्याला, ताईंचा मान ठेव म्हणून."

बारा गाळ्यांत एकच माणूस त्यांना खरा नमुना देत होता आणि त्यालाच त्यांनी भर बाजारात झापलं होतं.

काका ठोकळा धूत होते. दिवसभर त्याच ठोकळ्यावर चारशे कोंबड्या कापल्या जायच्या. त्याच बादलीतलं फडकं ठोकळ्यावर, त्यानेच काटा पुसायचा, त्यानेच हात. बाईंनी हे एकोणीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं, कारण त्या आल्या की सगळे हातातलं काम सोडून त्यांच्याकडेच वळायचे.

"काका, रविवारी एक उंच गृहस्थ येतात. पाठीत वाकलेले, चौकड्यांची पिशवी. बोलत बसतात."

"हां हां, ते! उन्हाळा कसा, पाऊस कसा, सगळं सांगतात. चांगला माणूस. मध्यंतरी बरेच दिवस आले नाहीत. आता येतात, पण थकलेत हो."

"त्यांना कुठलं देता?"

"त्यांना? गिऱ्हाइकांचंच की. फार्मचं."

"ते आमचे हे आहेत, काका."

काकांच्या हातातलं फडकं बादलीत गेलं. ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. मग म्हणाले, "एकदा तरी बोलायचं होतं त्यांनी. एका शब्दाने बोलायचं होतं. वरच्या कप्प्यातलं दिलं असतं मी."

बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. रागावण्याइतकी ताकदच नव्हती. आणि रागावायचं तरी कशाबद्दल? माणसाने त्यांना घरातलं मानलं, याबद्दल? नवऱ्याला जडलेले जंतू याच ठोकळ्यावरून आले की आणखी कुठून, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, आणि बाईंना ते चांगलं कळत होतं. पण डॉक्टरांनी विचारल्यावर आपण किती ठसक्यात उत्तर दिलं होतं, ते त्यांना त्या स्टुलावर बसल्या बसल्या पुन्हा ऐकू आलं.

संध्याकाळी नवरा ओट्याशी भाजी चिरत होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो चिरायचा थांबला.

"अहो, तुम्ही काकांना कधी सांगितलं का नाहीत, मी कोण आहे ते?"

"अगं, काय सांगायचं? तपासणीवालीचा नवरा आहे, जरा चांगलं द्या? बरं दिसलं असतं का ते? तुझ्या नोकरीला बट्टा लागला असता."

त्याने पुन्हा सुरी हातात घेतली. "आणि सांगितलं असतं तर मी वाचलो असतो, एवढंच. माझ्या मागं रांगेत उभा होता त्याचं काय?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने बडबडीने त्यांचे कान किटवले होते, आणि आज दोन वाक्यांत गप्प बसवलं. त्यांना रडू आलं. तो म्हणाला, "कांदा चिरतोय मी आणि रडतेस तू."

सोमवारी बाईंनी सही केली नाही. साहेबांपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दोन पानी पत्र ठेवलं. मला ओळखत असल्यामुळे विक्रेते मला घरासाठी काढलेलं मांस देत होते. त्यामुळे माझ्या हातून गोळा झालेले एकोणीस वर्षांचे नमुने बाजारातल्या मालाचे नाहीत. ते भरवशाचे धरू नयेत. काम बंद करू नये. नमुने दर वेळी नव्या, अनोळखी माणसाने विकत घ्यावेत. यात विक्रेत्यांचा लबाडीचा हेतू नव्हता, हे वाक्य त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "तुम्हाला कळतंय ना बाई? तुमचं सगळं काम पाण्यात जाईल."

"ते आधीच गेलंय साहेब. मी फक्त कळवतेय."

या कागदाचा साहेबांना कंटाळा आला नाही, एवढं मात्र खरं. त्यांनी त्यावर "शिफारस" असं लिहून सही केली आणि पत्र त्याच दिवशी पाठवलं.

उत्तराला दोन महिने लागले. काम चालू राहील. नमुने घेणारा माणूस दर खेपेला बदलेल. गाळेवाल्यांना उकळत्या पाण्याची सोय, दर तासाला ठोकळा धुणं आणि वेगळी फडकी सक्तीची होतील. फार्मवरच्या पावडरीची चौकशी लागेल, ती कधी संपेल हे लिहिलेलं नव्हतं. आणि शेवटच्या ओळीत, मागच्या एकोणीस वर्षांच्या प्रत्येक नोंदीवर "ग्राह्य धरू नये" असा शिक्का मारून फायली जमा कराव्यात.

बाजार बाईंवर रुसला. मान ठेवला त्याचं हे फळ, असं काही जण म्हणाले. आठव्या गाळ्याच्या पोराची बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली, तर तो लाजून मागच्या मागे पळाला. काका तेवढे भेटले की बोलायचे, पण "ताई" या शब्दाच्या पुढे त्यांचं बोलणं जात नसे, आणि बाईंचंही "काका"च्या पुढे.

शिक्के मारायला साहेब शिपाई द्यायला तयार होते. बाई नको म्हणाल्या. नोंदी त्यांच्या होत्या. एकोणीस फायली, दर आठवड्याचं एक पान, जवळजवळ हजार पानं, आणि नोकरीचे उरलेले चार दिवस. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा डबा घेऊन आला, तो घरी गेलाच नाही. समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मी पानं उलटतो, तू मार."

मग तो पान उलटायचा आणि बाई शिक्का मारायच्या. तो नेहमीसारखा बोलत होता. खिडकीबाहेरचं झाड वाळलंय, जिन्याला नवा कठडा लावणार आहेत, असलं काहीबाही. शेवटच्या फायलीच्या मध्यावर त्याची बडबड थांबली. पान गेल्या हिवाळ्यातलं होतं. तारीख त्याला दवाखान्यात नेलं त्या आठवड्यातली. खाली बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "बाजार समाधानकारक."

त्याने ते वाचलं. बाईंनी त्याला वाचताना बघितलं. त्याने कागद हाताने सपाट केला आणि दोन्ही बाजूंनी धरून ठेवला, म्हणजे शिक्का नीट उमटावा.

बाईंनी शिक्का मारला.

"पान उलटा," त्या म्हणाल्या.